केमारू भाषेची प्रकृती

जगातली कुठलीही भाषा आपली आपण मरत नाही. त्यासाठी आधी एक समिती लागते. समितीला निकष लागतात, निकषांना गुण लागतात आणि गुण द्यायला एक माणूस लागतो. हा माणूस शक्यतो दुसऱ्या भाषेतला असावा असा संकेत आहे, कारण स्वतःच्या भाषेची नाडी तटस्थपणे बघता येत नाही (बघितलीच तर घरात वाद होतात).

केमारू भाषेची नाडी बघायला ईश्वर गजभिये याची नेमणूक झाली ती याच तत्त्वावर.

ईश्वर नागपूरचा, इंदोऱ्यातला. बुद्धवंदना पालीत, शाळा मराठीत, गल्लीतलं क्रिकेट हिंदीत आणि वडिलांचं रागावणं वऱ्हाडीत, असा तो वाढला. त्यामुळे भाषा हा आपला विषय आहे असा त्याचा लहानपणापासून समज होता, आणि पुढे तो खरा ठरला. पेनसिल्व्हेनियात स्टेट कॉलेज नावाच्या गावी त्याने पीएचडी केली. तिथे तो तीन इंजिनियर मुलांबरोबर एका अपार्टमेंटमध्ये राहायचा आणि भाषाशास्त्र म्हणजे काय हे त्यांना वरचेवर समजावून सांगायचा. ते नीट ऐकून घ्यायचे आणि शेवटी, पण यार, तुला एकूण लँग्वेजेस किती येतात, असं विचारायचे. लग्नानंतर शीलाला चँडलरला कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या एका कारखान्यात नोकरी लागली आणि दोघं अ‍ॅरिझोनात आले. चिपला माणसं कायम हवी असतात. भाषाशास्त्राला नसतात. एका कंत्राटावरून दुसऱ्या कंत्राटावर जात, मुलीला शाळेतून ने-आण करत, भांडी डिशवॉशरला लावत ईश्वर तिथे भाषाशास्त्रज्ञ म्हणून टिकून राहिला.

त्याचं सध्याचं कंत्राट अस्तंगत भाषा प्रतिष्ठानाचं होतं. ही संस्था व्हर्जिनियात, डेटा सेंटरांच्या अ‍ॅशबर्न गावी आहे, आणि ती तिथेच असणं योग्य आहे. भाषा मेली की तिचं ध्वनिमुद्रण अ‍ॅशबर्नच्या एका खिडकी नसलेल्या इमारतीत, कडक थंडाव्यात, चोवीस तास पहाऱ्याखाली ठेवलं जातं. जिवंतपणी कुठल्याही भाषेची एवढी बडदास्त राहत नाही.

प्रतिष्ठानाची मोजपट्टी शून्य ते नऊ अशी आहे. शून्य म्हणजे शेवटचा बोलणारा गेला. नऊ म्हणजे त्या भाषेत पार्किंगचा दंड होतो. मदत मिळते ती फक्त तीन ते पाच या पट्ट्यातल्या भाषांना. तीनच्या खाली उपयोग नाही, पाचच्या वर गरज नाही. थोडक्यात भाषा आजारी हवी, पण तिला उशीला टेकून बसता आलं पाहिजे. (मराठीला या पट्टीवर साडेआठ आहेत. अर्धा गुण कशासाठी कापला याची विचारणा चँडलरच्या मराठी मंडळाने इंग्रजीतून केलेली आहे.)

आता केमारूविषयी. पॅसिफिक महासागरात केमा नावाचं बेट आहे. ते नकाशात दिसत नाही; दिसल्यासारखं वाटलं तर तो बहुधा छपाईचा डाग असतो. तिथल्या लोकांपैकी कोणी एक जण फार वर्षांपूर्वी अ‍ॅरिझोनात आला. त्याला काम मिळालं. मग त्याचा मेहुणा आला, मग मेहुण्याचा मेहुणा. चारी बाजूंनी खारं पाणी असलेली माणसं वाळवंटात का येऊन राहिली, असा प्रश्न समितीला पडला होता. मराठी माणसं तिथे का आली, हा प्रश्न समितीला पडला नाही. उत्तर दोन्हीकडे मेहुणे हेच आहे.

केमारूत डावं-उजवं नाही. समुद्राकडे आणि समुद्रापासून दूर, अशा दोनच मुख्य दिशा. मीठ समुद्राकडे सरकव, तुझ्या समुद्राकडच्या गालाला शेंबूड लागलाय, असं बोलायचं. समुद्राकडे याला शब्द आहे "ताई". चँडलरला समुद्र नाही. पहिल्या पिढीने यावर काही काळ विचार केला आणि मग फ्रीवेला समुद्र ठरवलं. तो सतत घोंगावतो, रुंद आहे, आणि मुलांनी त्याच्या जवळ जायचं नसतं. व्यवहारात अडचण आली नाही.

या समाजाच्या अध्यक्ष नेलाफीबाई. त्या घरं विकतात. चँडलरमधल्या कित्येक बसथांब्यांच्या बाकांवर त्यांचा हसरा फोटो आहे, आणि चँडलरमधल्या निम्म्या मराठी कुटुंबांना घर त्यांनीच दाखवलेलं आहे. त्यांना मराठी लोकांचं एक कळत नसे. एकदा त्यांनी ईश्वरला स्पष्टच विचारलं, की तुमच्यात रविवारच्या मराठी शाळेतल्या बाई दिसल्या की सगळे "सुचित्रा, समुद्राकडे" असं का ओरडतात? त्या बाईंनी असं काय केलंय?

दर शनिवारी केमारू समाज एका हॉलमध्ये जमत असे. हॉलचं भाडं प्रतिष्ठान भरत असे, अट अशी की भाषेची प्रकृती तपासली जावी. ईश्वर शनिवारी जायचा, बसायचा, ऐकायचा. वर्ष व्हायच्या आत तो बरी केमारू बोलू लागला. आणि वर्षाअखेरीस त्याने पहिला अहवाल पाठवला, तिथून घोटाळा सुरू झाला.

अहवाल प्रामाणिक होता. त्यात लिहिलं होतं की केमारू मुलं केमारूत भांडतात. केमारूत चिडवतात, केमारूत खोटं बोलतात आणि पकडली गेल्यावर केमारूतच रडतात. मोठ्यांना कळू नये असं काही असेल तेव्हा मात्र इंग्रजीत बोलतात (मोठ्यांना इंग्रजी उत्तम येतं, पण ही गोष्ट मुलांपासून लपवून ठेवण्यात समाजाला यश आलं आहे). एकूण गुण साडेसात.

प्रतिष्ठानाच्या कार्यक्रम अधिकारी होत्या नीना टिपणीस. ओहायोत जन्मलेली, तिशीतली, स्वतःचं आडनाव "टिपनीज" असं उच्चारणारी हुशार मुलगी. तिने व्हिडिओ कॉलवर ईश्वरचं आधी अभिनंदन केलं, आणि मग अत्यंत सौजन्याने सांगितलं की साडेसात हा आकडा काळजी करण्यासारखा आहे. साडेसात आले तर हॉल जाईल. ध्वनिमुद्रण थांबेल. ईश्वरचं कंत्राट अर्थातच संपेल. हॉल गेला की मुलं जमणार नाहीत, मुलं जमली नाहीत की भाषा उतरणीला लागेल, आणि मग चार-पाच वर्षांत ती पट्ट्यात आली की मदत पुन्हा सुरू करता येईल. प्रक्रिया अशी होती. त्यात कोणाचा दोष नव्हता. फक्त, ईश्वरच्या पाहण्यातून काही निराशाजनक असं सुटलं असेल तर ते बघायला नीना स्वतः चँडलरला येणार होती.

ईश्वरने हे नेलाफीबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, काळजी करू नकोस, माझा हाच धंदा आहे.

इथे ईश्वरच्या घरची परिस्थिती सांगितली पाहिजे, कारण ती अहवालात नव्हती.

ईश्वर आणि शीलाला एक मुलगी, आन्या. वय अकरा. घरात मराठी बोलायची असा नियम तिच्या जन्माआधीच ठरला होता, आणि आईवडील तो काटेकोर पाळत होते. शीला म्हणायची, आन्या, जॅकेट घाल, बाहेर थंडी आहे. आन्या म्हणायची, आय'म फाइन. म्हणजे नियम अर्धा पाळला जात होता, आणि इतर घरांच्या तुलनेत हे चांगलं समजलं जाई. रविवारी ती मंडळाच्या मराठी शाळेत जायची. तिथल्या शिक्षिका त्याच सुचित्राताई. फार तळमळीच्या. आठवड्याची नोकरी करून रविवार शाळेला द्यायच्या. वर्ग सुरू होताना त्या म्हणायच्या, ओके एव्हरीबडी, खाली बसा, नो टॉकिंग. आणि ही दुसरी सूचना मुलं इतकी मनावर घ्यायची की मराठी शाळेत मराठी बोलताना कोणी सापडत नसे. आन्याला चार वर्षांत मुळाक्षरं, बारा महिने, नऊ फळं आणि आभारप्रदर्शन एवढं पाठ झालं होतं.

शनिवारी शीलाची कारखान्यात पाळी असायची, म्हणून आन्याला बाबांबरोबर केमारूंच्या हॉलवर जावं लागे. सुरुवातीला ती कोपऱ्यात फोन घेऊन बसली. मग फोनची बॅटरी संपली. बाहेर मुलं व्हॉलीबॉल खेळत होती आणि त्यांना एक भिडू कमी पडत होता. खेळात कोणता बॉल कोणी घ्यायचा हे समुद्राकडे आणि उलट असं ओरडून सांगायचं असल्याने, ज्याला केमारू येत नाही त्याच्या नाकावर बॉल बसतो. आन्याच्या नाकावर तो पहिल्या शनिवारी तीनदा बसला. पुढच्या शनिवारी एकदाच. उन्हाळा संपेपर्यंत ती केमारूत आरडाओरडा करत होती, आणि थंडी सुरू झाली तेव्हा तिथल्या मुलांच्या भांडणात तिला पंच म्हणून बोलावत होते.

ईश्वरला हे दिसत होतं. पण तो संशोधक असल्यामुळे त्याने ते निरीक्षण म्हणून बघितलं.

एका संध्याकाळी जेवताना शीलाने वांग्याची भाजी वाढली. आन्या खाली बघून केमारूत काहीतरी पुटपुटली. ईश्वरने मान वर न करता वाडगं उचललं आणि फ्रीवेच्या बाजूला सरकवलं, आणि केमारूतच म्हणाला, दोन घास तरी खा. ती म्हणाली, एक. तो म्हणाला, दीड. मग शाळेतल्या एका मास्तरांच्या विगविषयी तिने काहीतरी सांगितलं आणि दोघं खो-खो हसले. आपली मुलगी आपल्याशी गप्पा मारते आहे हे ईश्वरच्या लक्षात आलं तेव्हा त्याचा हात वाडग्यावर तसाच राहिला. अशा गप्पा त्यांनी कधी मारल्याच नव्हत्या. ती आजवर फाइन होती, ओके होती, आणि डोन्ट नो होती. आज तिच्याजवळ सांगायला मास्तरांचा विग होता.

शीला दोघांकडे बघत होती.

हे पुढे रोजचंच झालं. बाप-लेक गाडीत केमारू, स्वयंपाकघरात केमारू. शास्त्रीय दृष्टीने ही घटना असाधारण होती. जगातल्या एका नामशेष होऊ घातलेल्या भाषेला एक नवं घर मिळालं होतं, आणि त्या घरात आठ कोटी बोलणाऱ्यांच्या भाषेतली एक बाई एकटी पडली होती. शीलाने बरेच दिवस हे चालू दिलं. मग एकदा म्हणाली, "ईश्वर, माझ्याच डायनिंग टेबलवर मला दुभाषा लागतो. हे बरं नाही."

तिचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर ईश्वरला सोपं गेलं असतं.

त्याने आन्याला विचारलं, अर्थात केमारूत, की तू आईशी मराठीत का बोलत नाहीस? तुला कळतं तर सगळं. आन्याने काट्याने भात इकडून तिकडे केला आणि मग जे सांगितलं ते असं. ती सात वर्षांची असताना मंडळाच्या गेट-टुगेदरला एका काकांना ती म्हणाली होती, काका, तू किती छान दिसते. सगळे हसले. एका मावशीने तिला परत म्हणायला लावलं. मग दुसऱ्या काकांनी फोन काढला आणि व्हिडिओसाठी तिसऱ्यांदा म्हणायला लावलं. तो व्हिडिओ नागपूरला गेला, पुण्याला गेला, सिंगापूरला गेला. तिथून हसण्याची चित्रं आली. आणि तेव्हापासून ती मराठीत काही बोलायला लागली की लोक आधीच हसरं तोंड करून वाट बघतात. केमारूत ती चुकते तेव्हा कोणी हसत नाही का, असं ईश्वरने विचारलं. आन्याला प्रश्न कळलाच नाही. खेळ चालू असतो, ती म्हणाली. हसायला कोणाला वेळ आहे?

मग ती म्हणाली, "तू पण हसला होतास."

ईश्वरने हे सगळं शीलाला मराठीत सांगितलं. भाषांतर उत्तम होतं, काका, मावशी, सिंगापूर, काही सुटलं नाही. शेवटचं वाक्य तेवढं त्याने गाळलं. शीलाने त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि ते तिला आपोआप कळलं. ती म्हणाली, "आपण दोघंही हसलो होतो. मीच फॉरवर्ड केला होता माझ्या बहिणीला." आणि ताटं उचलायला लागली.

अशा अवस्थेत नीना टिपणीस चँडलरला येऊन पोचली.

नेलाफीबाईंचा धंदा म्हणजे घर विकायच्या आधी ते सजवणं. राहत्या माणसांच्या खुणा काढायच्या, फोटो उतरवायचे, ओव्हनमध्ये बिस्किटं भाजून वास दरवळत ठेवायचा. गिऱ्हाइकाला हवं ते दिसलं पाहिजे. तीच विद्या त्यांनी उलटी वापरली. हॉलमधले मुलांचे रंगीत कागद काढून टाकले. मधोमध एक रिकामी खुर्ची ठेवली, तिच्यावर जुनी टोपली. वृद्धांना खिडकीशी एका ओळीत बसवलं आणि बाहेर बघत राहायला सांगितलं. वृद्धांपैकी एकांना राहवेना, ते सारखे हसत होते. त्यांना पूर्ण पाठमोरं बसवलं. मुलांना मैदानाच्या पार टोकाला, फ्रीवेच्या उलट, पिटाळलं आणि ताकीद दिली की आज फक्त इंग्रजी. खेळसुद्धा इंग्रजीत.

नीना आली. रिकामी खुर्ची बघून ती दोन पावलं मागे सरली. तिने हळू आवाजात प्रश्न विचारून वहीत नोंदी घेतल्या. सगळं छान निराशाजनक चाललं होतं. अर्ध्या तासाने बाहेर मुलांच्या खेळात एका बॉलवरून वाद झाला. लेफ्ट आणि राइट म्हणजे नेमकं कुठे यावर मुलांचं एकमत होईना, कारण तसा विचार त्यांनी खेळताना कधी केलाच नव्हता. बॉल उडून दारातून आत आला आणि टोपलीवर बसला. मागोमाग वीसेक मुलं आत घुसली, सगळी एकदम केमारूत, आणि मधोमध कमरेवर हात ठेवून आन्या, बॉल समुद्राकडच्या रेघेच्या बाहेर होता की आत यावर निकाल देत होती. पाठमोरे बसवलेले आजोबा वळले आणि बॉल आत होता असं म्हणाले. मग खिडकीतले सगळेच वृद्ध बोलू लागले.

नेलाफीबाईंनी डोळे मिटून घेतले.

नीनाने मात्र वहीचं नवीन पान उलटलं. ती आन्याजवळ गेली, तिच्या केमारूचं कौतुक केलं आणि नाव विचारलं. आन्या गजभिये, असं उत्तर आलं. नीनाचं पेन थांबलं. थोड्या वेळाने दोघी हॉलच्या मागच्या पायरीवर नारळाच्या वड्यांची एक प्लेट घेऊन बसलेल्या दिसल्या. ईश्वर जाळीच्या दाराआड उभा राहिला. नेलाफीबाई त्याच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

आधी इंग्रजीत चाललं होतं. नीनाने विचारलं, तुला मराठी येतं का. आन्या म्हणाली, थोडं, पण फार वाईट. नीना म्हणाली, माझं त्याहून वाईट. आन्याने पुरावा मागितला.

नीनाने घसा साफ केला. "माझा नाव नीना आहे. मी ओहायो राहते होती."

आन्याने विचार केला. "माझी नाव आन्या. तू जास्त बॅड आहे."

"थँक यू," नीना म्हणाली.

आणि मग त्या दोघी मराठीत बोलू लागल्या. कोण कोणाचं ऐकून हसणार? दोघींना बरोबर काय तेच ठाऊक नव्हतं. नीनाच्या घरी मांजर होता आणि तो गेल्या वर्षी पळाली. आन्याने दोन वडी खाल्ला आणि अजून भूक लागला होती. विमान मोठी होती, ऊन खूप होती, ऑफिस बोअर होता. ईश्वर सवयीने चुका मोजत होता. मग मोजणं त्याला झेपेना, कारण त्या फार वेगाने बोलत होत्या. इतकी मराठी त्याने आन्याच्या तोंडून सबंध आयुष्यात ऐकली नव्हती.

"तुला आजी आहे?" आन्याने विचारलं.

"नाही. माझा आजी मेला." नीनाने प्लेट खाली ठेवली. "हॉस्पिटलमध्ये होता. सगळे फोनवर मला म्हणाले, बोल, आजीशी बोल. मला एक वाक्य येत होती. पण मला वाटला ते चूक आहे. आणि सगळे स्पीकरवर होते. तर मी नाही बोलली."

"मग?"

"मग मेला."

आन्याने हातातली वडी प्लेटमध्ये परत ठेवली. मग म्हणाली, "काय वाक्य?"

नीना फ्रीवेकडे बघत होती. "मी तुला आवडते," ती म्हणाली.

ईश्वरचं तोंड उघडलं. त्याचा इलाज नव्हता. आवडणं या क्रियापदावर त्याने स्टेट कॉलेजला एक अख्खं प्रकरण लिहिलेलं होतं. परक्यांची हमखास दांडी उडते ती इथेच. मला तू आवडतेस, असं हवं होतं. तो दार ढकलणार एवढ्यात नेलाफीबाईंनी त्याचं मनगट धरलं.

"काय झालं?" त्यांनी केमारूत विचारलं.

"चुकलं तिचं," तो कुजबुजला. "उलटं म्हणाली. तिला म्हणायचं होतं की तिला आजी आवडते. म्हणाली असं, की आजीला ती आवडते."

नेलाफीबाईंनी पायरीकडे बघितलं. "आवडत नव्हती का?"

ईश्वरजवळ यावर प्रकरण नव्हतं. त्याने हात दारावरून काढला.

बाहेर आन्याने निकाल देऊन टाकला होता. "करेक्ट आहे," ती नीनाला म्हणत होती. "ती वाक्य करेक्ट आहे."

नीनाने परत जाऊन केमारूला साडेचार गुण दिले. कारण असं नोंदवलं, की ही भाषा पूर्णपणे उघड्यावर असून बाहेरच्या मुलांना तिची लागण होते. अशा परिस्थितीत ती सुरक्षित मानता येत नाही. समितीने गंभीर चर्चा करून हे मान्य केलं. हॉल राहिला. ईश्वरचं कंत्राट वाढलं. वृद्ध पुन्हा दाराकडे तोंड करून बसू लागले.

नीना आली होती त्याच शनिवारी संध्याकाळी शीला पाळीवरून आली तेव्हा आन्या सोफ्यावर आडवी पडली होती. ती म्हणाली, "आई, मी खूप दमलो. पाय दुखते."

शीलाने ईश्वरकडे बघितलं. ईश्वर टीव्हीच्या रिमोटकडे बघत होता. शीलाच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी हललं. तिने ते गिळलं. चपला काढल्या, सोफ्याच्या टोकाला बसली आणि मुलीचे पाय मांडीवर घेतले. "कुठला दुखतो?" तिने विचारलं. आन्याने सांगितलं, फ्रीवेकडचा. आणि मग कोणी थांबवलं नाही म्हणून बॉलचं, टोपलीचं आणि आजोबांचं सगळंच सांगत सुटली, अर्ध्या चुका, अर्धं इंग्रजी, मधे दोन-तीन शब्द केमारू. शीलाला पहिल्यांदाच दुभाषा लागला नाही.

वाचकांसाठी एक शेवटचा निकष उरतो. तो प्रतिष्ठानाचा नाही, त्यामुळे गुण मिळणार नाहीत. नीना पायरीवर आजीविषयी सांगत होती, त्या ठिकाणी तुम्ही मनातल्या मनात "मेला नव्हे, गेली" असं म्हणालात की नाही? ओठ थोडे हलले की नाही? किंचित हसूही आलं असेल. संकोच नको. याचा अर्थ एवढाच की तुमचं मराठी (किंवा तुमची मराठी, यावर तज्ज्ञांचं अजून एकमत नाही) फार शुद्ध आहे. ते तुमच्या घरात तुमच्यानंतर कोण चुकतमाकत बोलणार आहे, एवढं फक्त बघून ठेवा.